अशोकची शिदोरी

साखर कारखान्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, साखर किती मिळायची? दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. मी संगणक विभागात होतो हे सांगितलं तर "म्हणजे टायपिंग का?" असं म्हणतात. व्हय, टायपिंगच. केस पांढरे होईपर्यंत टायपिंग केलं. आता दिवाळी अंकवाल्यांनी पिच्छाच पुरवलाय, तर त्या टायपिंगमधली एक गोष्ट सांगतो.

त्याआधी मी फौजेत सिग्नलला होतो. हवालदार म्हणून घरी आलो, पण कारखान्यात पहिल्याच दिवशी वजनकाट्यावरच्या माणसानं "या सुभेदार" म्हटलं आणि तेच नाव पडलं. फुकट मिळालेली बढती कोण परत करतो? मीही केली नाही.

विभागात आम्ही तिघं. मी, निकम आणि अशोक कांबळे. अशोक कडेगावचा, डिप्लोमा झालेला, कामात पक्का आणि जिभेनं तिखट. फोन उचलला की त्याचं एकच वाक्य ठरलेलं असायचं, "संगणक विभाग. कांबळे बोलतोय. काय अडलंय?" हॅलो नाही, नमस्कार नाही. पलीकडचा आपलं रडगाणं गायचा, आणि ते संपलं की हा म्हणायचा, "बघतो. ठेवा." चेअरमन असो नाहीतर गेटवरचा वॉचमन, सगळ्यांना एकच माप. एकदा चेअरमनसाहेब चिडून म्हणाले, "अरे, मी बोलतोय." अशोक म्हणाला, "वळखला आवाज, साहेब. काय अडलंय?" साहेबांनी मुकाट्यानं काय अडलंय ते सांगितलं. मी शेजारी बसून हसू दाबत होतो.

अडायचं म्हणजे काय, तेही सांगतो. उसाची गाडी गेटवर आली की टोकन निघतं. टोकनाच्या नंबरानं गाडी काट्यावर जाते, वजन होतं, मग गव्हाणीत ऊस पडतो. टोकन निघालं नाही की गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. ऊस वाळतो म्हणजे वजन घटतं, आणि वजन घटलं की शेतकऱ्याचा पारा चढतो. तो पारा उतरवायला शेतकरी आमच्याच खिडकीशी येतात. त्यामुळं सर्व्हर बंद पडला तर आम्हाला घाम फुटायचा.

आता थोडं धंद्याचं. अवघड नाही, पानं उलटू नका.

कॉम्प्युटरच्या पोटात बारके बारके शेकडो प्रोग्रॅम असतात. एक फायलींची यादी दाखवतो, एक नक्कल करतो, एक नाव बदलतो. या सगळ्यांना काही गोष्टी सारख्याच लागतात. डिस्कवरून वाचायचं कसं, पडद्यावर अक्षर उमटवायचं कसं, असल्या. त्या प्रत्येकानं आपापल्या जवळ बाळगायच्या का? तर नाही. एक सामायिक लायब्ररी असते आणि सगळे तिच्यातून घेतात. फौजेतला लंगर असतो तसं. एका ठिकाणी शिजतं आणि सगळी पलटण जेवते. सरपण वाचतं, भांडी वाचतात, डाळीत मीठ कमी पडलं तर एकाच पातेल्यात घालावं लागतं. पद्धत लय चांगली. पण लंगरलाच आग लागली तर एकटा जवान उपाशी राहत नाही, सगळी पलटण राहते. आग विझवायला धावणारेही उपाशीच.

म्हणून गस्तीवर निघालेल्या जवानाच्या पिट्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, त्याचं स्वतःचं राशन असतं. ओझं वाढतं, पण लंगर असो नसो, त्याचं चालतं. प्रोग्रॅमही असा बांधता येतो. लायब्ररीतलं त्याला लागणारं सगळं त्याच्याच पोटात भरायचं. तो जाडजूड होतो, पण कुणाच्या भरवशावर राहत नाही. जुन्या मशीनवर अडीनडीचे प्रोग्रॅम असेच बांधलेले असायचे. पुढं जागा वाचवायच्या नादात सगळेच लंगरवर जेवायला लागले.

अशोकला हे पटत नव्हतं. त्यानं आमच्या प्रत्येक सर्व्हरवर एक फोल्डर केलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं शिदोरी. त्यात यादी दाखवणारा, नक्कल करणारा, फायल इकडून तिकडं जोडणारा, असे मोजके प्रोग्रॅम त्यानं स्वतः बांधून ठेवले होते. मी त्याला चिडवायचो, "अरं, कुठल्या मोहिमेवर निघालायस?" तो म्हणायचा, "सुभेदार, तुमी फौजेत हुता न्हवं? मग तुमाला कळाय पायजे." मला कळत होतं, पण त्याला चिडवल्याशिवाय माझा चहा गोड लागत नसे.

एका हंगामात सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर पुण्याहून आला. त्यानं काहीतरी नवीन घातलं आणि लायब्ररीचं नावच उडालं. लायब्ररी जागेवर होती, पण तिच्याकडं जायची वाट मोडली. मग कुठलाही हुकूम द्या, मशीन एकच म्हणायचं, सापडत नाही. यादी मागितली, सापडत नाही. नक्कल करायला सांगितली, सापडत नाही. बिचारा इंजिनीअर पांढराफटक पडला आणि मशीन बंद करून चालू करायला निघाला. अशोक ओरडला, "हात लावू नगा. बंद केलं तर हाय त्येबी जाईल." त्यानं पडद्यावर उघड्या असलेल्या एकाच खिडकीतून शिदोरीतला जोडणारा प्रोग्रॅम काढला, लायब्ररीची वाट पुन्हा जोडली, आणि आम्ही मागवलेला चहा यायच्या आत टोकनं निघायला लागली. मग इंजिनीअरला म्हणाला, "साहेब, जे चालू हाय त्येला धरून बंद पडलेल्याकडं जायचं असतं. उलटं न्हाई." त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला. पण बोललो नाही, कारण तो डोक्यावर बसला असता.

शिदोरीच्या विरुद्ध बोलणारे होते, आणि ते सगळे काही मूर्ख नव्हते. तपासणीला आलेल्या एका बाईंनी सांगितलं की लायब्ररीत खोट सापडली आणि ती दुरुस्त झाली की तिच्यावर जगणारे सगळे प्रोग्रॅम आपोआप सुधारतात. शिदोरीतले मात्र जुनी खोट पोटात घेऊन बसतात. गाठोड्यात भाकरी बांधून ठेवली की ती शिळी होणारच. अशोकनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरं हाय मॅडम. म्हनून मी ती सारखी ताजी करतो." करायचाही. लायब्ररी बदलली की हा पुन्हा सगळं नव्यानं बांधायचा. ऑफिसात नवीन आलेल्या साहेबांना ते रिकामटेकडेपणाचं वाटायचं, पण चालू होतं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कारखान्यात तर विचारू नका. टर्बाइनपासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालतात. सर्व्हरलाही माळ असायची. एका वर्षी कुणीतरी उत्साहानं सर्व्हर-रूममध्येच नारळ फोडला आणि पाणी यूपीएसमध्ये गेलं, तेव्हापासून नारळ दाराबाहेर फोडायचा नियम झाला. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नाही, पुजायचं फक्त. अशोक पूजा करत नसे, पण प्रसादाचा पेढा पहिला उचलायचा आणि मशीनला त्या दिवशी तोही हात लावत नसे.

अशाच एका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी निकमनं साफसफाई काढली. मनानं सरळ माणूस. रॅक पुसले, वायरी बांधल्या, पंख्यातली धूळ काढली. मग त्याला वाटलं, मशीन बाहेरून चकाचक केलं, आत घाण ठेवून पूजा कसली? तो डिस्क साफ करायला बसला. बघतो तर एकाच नावाचे दोन दोन प्रोग्रॅम, आणि त्यातला एक भलताच जाड. त्यानं जाड असलेले सगळे काढून टाकले. सगळ्या सर्व्हरवरचे. मोठ्या भक्तिभावानं.

दुसऱ्या दिवशी अशोकला कळलं. मला वाटलं, आता निकमची धडगत नाही. पण निकमच्या कपाळावरचा गुलाल, हातातलं ताट, सगळं बघून अशोकला हसू आलं. "गड्या, पार आतपतोर झाडू लावलास की," म्हणाला. मग मला म्हणाला, "आज तुमचं हत्यार बसलंय, उद्या आमचा धम्मचक्राचा दिवस. रजा झाली की येतो आन ताजी बांदतो."

ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. म्हणजे मला उद्देशून असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडेगावात विहाराला निघताना, पांढरे कपडे घालून उंबऱ्यावर बूट बांधता बांधता तो कलंडला. सांगलीला नेलं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समोरच्याचं बरंचसं कळतंय त्यांना, पण शब्द जुळवता येत नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं ओळखलं. डाव्या हातानं माझा हात धरला, तोंड उघडलं, आणि नुसता श्वास बाहेर आला. पाण्याच्या भांड्याकडं बघत होता, पण पाणी म्हणता येईना. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो. लाज कसली त्यात?

शालनवहिनी, त्याची बायको, रात्रंदिवस जवळ. एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, नावानं हाक त्येनी कवाच मारली न्हाई. 'अगं' म्हनायचे. सकाळी उटल्यापास्नं 'अगं, अगं'. मी म्हनायची, जीव खाऊ नगा. आता वाटतंय, येकदा 'अगं' म्हनावं. दुसरं काय बी नगं." मी बरं होईल म्हणालो. माणसं म्हणतात तेच.

हंगाम सुरू झाला. रांगा लागल्या. आणि एका सकाळी, अपडेट झाल्यावर, तेच झालं. लायब्ररीची वाट मोडली. आधीपासून चालू असलेलं काट्याचं काम चालू होतं, पण नवीन टोकन निघेना. कुठलाही हुकूम द्या, सापडत नाही. शिदोरी नव्हती. निकमचा चेहरा बघवत नव्हता. बाहेर ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न धरले होते.

मी काय केलं ते ऐका. खिशातून मोबाइल काढला आणि अशोकला फोन लावला. विचार करून नाही. इतक्या वर्षांची बोटांची सवय. रिंग गेली आणि मग भानावर आलो, पण तोवर वहिनींनी उचलला होता. मी म्हणालो, "काही नाही वहिनी, चुकून लागला." त्या म्हणाल्या, "बोला की दोन शबुद. त्येंच्या कानाला लावते. बरं वाटंल त्येना."

थोडी खुडबुड झाली. आणि मग त्याच आवाजात, तसंच्या तसं, "संगणक विभाग. कांबळे बोलतोय. काय अडलंय?"

मला वाटलं, सुटला गडी. मी सगळं भडाभडा सांगितलं. लायब्ररीची वाट मोडलीय, शिदोरी नाही, एक खिडकी उघडी आहे, तिच्यातून काय करू, अशोक? मी म्हणालो, "अशोक, सांग रं." तो म्हणाला, "बघतो. ठेवा."

मी पुन्हा म्हणालो, "अशोक?" तो म्हणाला, "संगणक विभाग. कांबळे बोलतोय. काय अडलंय?" मागून वहिनींचा आवाज येत होता, "बोलले, आवं भाऊजी, बोलले ह्ये." त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

मशीन मी शेवटी बंद करून पेन ड्राइव्हवरून उठवलं. लायब्ररी पुन्हा जागेवर बसवेपर्यंत दुपार टळून गेली. शिव्या खाल्ल्या. पण त्या दिवशी मला शिव्या लागत नव्हत्या.

सांगलीच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना हा प्रकार सांगितला तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "आपण बोलताना दर वेळी शब्द शोधतो, जुळवतो. यांची ती जुळवण मोडलीय. पण एखादं वाक्य आयुष्यभर म्हटलं की ते अखंड पाठ होऊन बसतं, जुळवावं लागत नाही. कुणाची प्रार्थना राहते, कुणाची शिवी राहते." मी ऐकत होतो आणि मला सगळं कळत होतं. दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लंगर जळाला होता, पिट्ठूत एवढंच होतं.

वहिनींना मात्र ते लागलं. म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं मी संगं हाय, आन ऱ्हायलं काय, तर कारखान्याचा फोन. बुद्धवंदना सुदिक न्हाई ऱ्हायली." मग स्वतःच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आवाज तर त्येंचाच हाय."

मला आशा होती, ती का होती तेही सांगतो. मशीनवर शिदोरीतला एक प्रोग्रॅम जरी चालला तरी त्याच्या जोरावर लायब्ररी दुरुस्त करता येते. जे चालू आहे त्याला धरून बंद पडलेल्याकडं जायचं. हे अशोकचंच वाक्य. बाईंना मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, करून बघू. त्या वाक्यातला 'काय' सुटा करायचा, मग 'काय गं', मग 'अगं'. मी रोज सकाळी फोन करायचो. वहिनी त्याच्या डाव्या कानाला लावायच्या. तो पुरं वाक्य म्हणायचा, मी थांबायचो, आणि हळू म्हणायचो, "अशोक, नुसतं काय म्हण." तो घाम येईपर्यंत झटायचा. ओठ हलायचे. आणि निघायचं ते पुरं वाक्यच. त्यातला एक शब्द सुटा निघत नव्हता. पोटात सगळं घेऊन बांधलेल्या प्रोग्रॅमचंही तेच असतं. त्याच्यापाशी सगळं असतं, पण त्यातलं दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. हे मी आयुष्यभर लोकांना समजावून सांगितलं होतं. तेव्हा त्यात दुःखाचं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

पुढं मी निवृत्त झालो. निकमनं माझ्यामागं शिदोरी पुन्हा बांधली, आणि नवीन साहेबांनी विचारल्यावर तो म्हणाला, ही कांबळेसाहेबांची आहे, हिला हात लावायचा नाही. निरोपसमारंभात मला शाल मिळाली. त्यापेक्षा मला हे ऐकून बरं वाटलं.

एकदा कडेगावला गेलो होतो. अशोक बाहेरच्या खोलीत कॉटवर, उशाला मोबाइल. मी येऊन बसलो आणि फोन वाजला. त्यानं डाव्या हातानं उचलला आणि म्हणाला, "संगणक विभाग. कांबळे बोलतोय. काय अडलंय?" मी विचार करत होतो, कुणाचा असेल? तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. आतून फोनवर बोलत होत्या, चार पावलांवरून. "काय न्हाई. च्या ठिवू का?" अशोक म्हणाला, "बघतो. ठेवा." आत कपबशा वाजल्या. वहिनी चहा घेऊन आल्या, माझ्याकडं बघून जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "दिवसातनं दोन-चारदा करते. घरात मानूस बोलतंय असं वाटतंय." मी चहा प्यालो. साखर किती होती ते काही कळलं नाही.

'अगं' त्याला कधीच म्हणता आलं नाही. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर दुसरा झटका आला आणि तो गेला.

जलदान विधीला गेलो होतो. माणसं पुष्कळ होती, वहिनींशी बोलणं झालं नाही. नंतर काही दिवस मी सकाळी फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. त्या वेळेला माझं दुसरं काही काम नव्हतं. मग एक दिवस त्याच वेळेला माझाच फोन वाजला. अशोकचा नंबर. उचलला, तर वहिनी. नुसतं "भाऊजी" म्हणाल्या.

मी विचारलं, "वहिनी, काय अडलंय?" ठरवून नाही म्हणालो. तोंडातून तेच आलं.

त्या म्हणाल्या, "काय न्हाई भाऊजी." मग म्हणाल्या, "ते फुडलं म्हना की."

मला त्याच्यासारखं म्हणता येणार नव्हतं. पण म्हणालो, "बघतो. ठेवा."

वहिनींनी फोन ठेवला.